सी ड्राइव्ह लाल झाला? ‘फॉर्मेट’ मारण्याआधी हरवलेल्या जागेचा हिशोब लावा

हैदराबाद : सिकंदराबादच्या पार्क लेनमधलं चिनॉय ट्रेड सेंटर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं ‘सीटीसी’. काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार, नारायणगुडा या भागांतल्या मराठी घरांतला कॉम्प्युटर बिघडला की तो पिशवीत घालून बहुतेक वेळा इथंच येतो. गिऱ्हाइकांत नांदेड-देगलूर, बिदर, आदिलाबादकडची माणसंही असतात. आणि दुकानातला संवादही ठरलेला.

‘‘भय्या, सी ड्राइव्ह लाल हो गया, कुछ भी सेव्ह नहीं होरा.’’

‘‘फॉर्मेट मारना पडता. नहीं तो बडी एसएसडी डालो.’’

दोन्ही उपाय दुकानदाराच्या दृष्टीनं खोटे नाहीत. फॉर्मेटनं जागा होते, मोठ्या एसएसडीनंही होते. पण पहिल्यात तुमचा डेटा जाऊ शकतो आणि दुसऱ्यात पैसे जातात. खरं तर बऱ्याच घरगुती कॉम्प्युटरवर जागा संपलेली नसतेच, ती कुठंतरी अडकून पडलेली असते. ती शोधायला दीड-दोन तास लागतात, पैसा लागत नाही.

हा विषय आत्ताच घ्यायचं कारण वेगळं आहे. महाराष्ट्र सरकारनं २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटबाबतचा शासन निर्णय काढला आणि त्याच्या आगेमागे सीमेच्या दोन्ही बाजूंच्या अनेक घरांत जुने कागद शोधायची धावपळ झाली. निजामकाळातल्या नोंदी, खासरा पाहणी, शाळेचे दाखले, उर्दू आणि मोडीतले दस्त. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे एकाच घरातले काही कागद गावाकडे तर काही हैदराबादेतल्या चुलत्यांच्या कपाटात. ते स्कॅन करून कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर ठेवले गेले. त्याच मशिनवर आजोबांचे फोटो, मुलाची प्रवेशाची कागदपत्रं, दुकानाचा टॅलीचा डेटा. अशा मशिनवर ‘फॉर्मेट मारणे’ म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. मूळ कागद तरी कपाटात असतो, पण स्कॅन करून परत दिलेला आणि आता पुसट झालेला कागद दुसऱ्यांदा तसाच मिळेल याची खात्री नाही.

खोक्यावर २५६, आत २३८ : ही चोरी नव्हे

पहिली तक्रार नवी डिस्क घेतल्या दिवशीच येते. खोक्यावर २५६ जीबी लिहिलेलं आणि कॉम्प्युटर दाखवतो २३८. ५०० ची ४६५ होते, १ टीबीची ९३१. दुकानदारानं फसवलं असं अनेकांना वाटतं.

यात फसवणूक नाही, मापं दोन आहेत. डिस्क बनवणारी कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते. विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून त्याचा १ जीबी साधारण १०७ कोटी ३७ लाख बाइटचा. माल तेवढाच, फक्त एक शेर वापरतो आणि दुसरा किलो. विंडोज त्यातूनच थोडी जागा सुरू होण्यासाठी आणि दुरुस्तीच्या विभागासाठी बाजूला काढतं, म्हणून २३८ चे २३७ दिसतात. ही जागा हरवलेली नाही. ती शोधत बसू नका.

उचंत खातं उघडा

आता खरी हरवलेली जागा. वाणिज्य शाखेत शिकलेल्यांना हे पटकन समजेल. तेरीज जुळली नाही की आपण फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकतो आणि मग ती एकेक करून शोधतो. इथंही तसंच करायचं.

‘धिस पीसी’मध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. किती जागा वापरात आहे तो आकडा कागदावर लिहा. मग सी ड्राइव्हच्या आत जाऊन दिसणारी सगळी फोल्डर्स एकदम निवडा आणि त्यांची ‘प्रॉपर्टीज’ पाहा. बेरीज व्हायला वेळ लागतो, चहा घेऊन या. दोन आकडे बहुधा जुळणार नाहीत.

नमुन्यादाखल एक हिशोब धरू. वापरात २३१ जीबी, फोल्डर्सची बेरीज १६८. फरक ६३ जीबी. हा फरक कशाकशाचा असू शकतो? हायबरनेशनची फाइल ६, व्हर्च्युअल मेमरी ५, सिस्टिम रिस्टोअर १२, रिसायकल बिन १०, ‘प्रोग्रॅमडेटा’ नावाचं लपलेलं फोल्डर ७ आणि त्याच कॉम्प्युटरवर मुलीनं किंवा भावानं उघडलेलं दुसरं युजर अकाउंट २३. झाले ६३. तुमच्याकडे आकडे वेगळे येतील, खाती मात्र साधारण हीच.

दुसऱ्या युजर अकाउंटची गंमत अशी, की आपल्या अकाउंटमधून त्याच्या आत पाहायची परवानगी नसते, म्हणून ते बेरजेत येतच नाही. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीचं किंवा पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलाचं अकाउंट वर्षानुवर्षं तसंच पडून असतं. ते उडवायच्या आधी त्यांना एक फोन जरूर करा. त्यांचं शिक्षणाचं सगळं काम त्यात असू शकतं.

कधी कधी उलटंही होतं, बेरीज खऱ्यापेक्षा जास्त भरते. विंडोजच्या आत ‘विनएसएक्सएस’ नावाचं फोल्डर असतं. त्यातली एकच फाइल दोन ठिकाणी नोंदलेली असते, त्यामुळे ती दोनदा मोजली जाते. आकडा मोठा दिसला म्हणून या फोल्डरला हात लावायचा नाही. ते हातानं पुसलं तर विंडोज बिघडेल.

हीच विगतवारी विंडोज स्वतःही देतं. ‘सेटिंग्ज’, मग ‘सिस्टिम’, मग ‘स्टोरेज’. तिथं ‘शो मोअर कॅटेगरीज’ दाबलं की ‘सिस्टिम अँड रिझर्व्ड’, ‘अदर पीपल’, ‘टेंपररी फाइल्स’ अशी खाती वेगवेगळी दिसतात. आपला कागद आणि हा पडदा शेजारी ठेवले की बराचसा उलगडा होतो. यातली ‘रिझर्व्ड स्टोरेज’ म्हणजे विंडोजनं अपडेटसाठी राखून ठेवलेली सुमारे ७ जीबी. ती तशीच राहू द्या.

नकाशा काढून देणारी साधनं

‘स्टोरेज’च्या पानापेक्षा नेमकं पाहायचं तर ‘विझट्री’, ‘ट्रीसाइज फ्री’ किंवा ‘विनडिरस्टॅट’ यांपैकी एक साधन घ्या. घरगुती वापराला तिन्ही फुकट आहेत. पण ज्याच्या त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवा. उघडताना राइट क्लिक करून ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा, नाहीतर दुसऱ्या युजरचा आणि लपलेला भाग पुन्हा हिशोबाबाहेर राहील. विझट्री डिस्कची मूळ यादीच थेट वाचतं, म्हणून काही सेकंदांत उत्तर देतं.

या साधनांत रंगीत चौकोनांचा नकाशा दिसतो. जितका चौकोन मोठा, तितकी फाइल मोठी. ही कल्पना आली तीच मुळी भरलेल्या डिस्कमधून. १९९० मध्ये अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेत ८० एमबीची एकच डिस्क १४ जण मिळून वापरत होते. ती भरली की कुणी किती जागा अडवली ते कळेना. त्यातून त्यांनी हा चौकोनांचा नकाशा काढला. आज ८० एमबीत आपल्या फोनवरचा एखादा छोटा व्हिडिओ जेमतेम मावतो. अडचण मात्र तीच. घरात पाच माणसं, कॉम्प्युटर एक, आणि ‘मी नाही भरला’ असं पाचही जण म्हणतात.

बिनधास्त काढता येईल ते

‘टेंपररी फाइल्स’ उघडलं की टिकमार्क करायची यादी येते. अपडेटचा उरलेला कचरा, ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’, ‘थंबनेल्स’, तात्पुरत्या फाइल्स हे काढायला हरकत नाही. ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ दिसलं तर ते ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर आहे. विंडोज १० वरून ११ वर गेलात की जुनं विंडोज १० दिवस तसंच जपून ठेवलं जातं, परत फिरायचं झालं तर उपयोगी पडावं म्हणून. नंतर ते आपोआप जायला हवं. नाही गेलं तर पंधरा-वीस जीबी सहज अडवून बसतं. विंडोज १० चा नेहमीचा सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यामुळे अनेक घरांनी गेल्या काळात ही उडी मारली, तेव्हा हे एकदा तपासाच.

त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं. तिथं टिकमार्क करायचा नाही. आपल्याकडे निम्म्या घरांत आधारची प्रत, हॉलतिकीट, बँकेचं स्टेटमेंट, सातबारा हे सगळं कायमचं ‘डाउनलोड्स’मध्येच राहतं. यंत्र त्याला कचरा समजतं. ते फोल्डर उघडून, आकारानुसार लावून, एकेक पाहून साफ करा. तिथं तीन-तीन वेळा उतरवलेलं एकच सॉफ्टवेअर हमखास सापडतं.

रिसायकल बिन रिकामं करण्याआधी एकदा नजर टाका. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून पुसलेली फाइल पुष्कळदा परत मिळायची. एसएसडीवर तसं नाही. पुसलेली जागा ती आतून लगेच साफ करायला घेते, त्यामुळे ‘रिकव्हरीवाल्याकडे जाऊ’ हा भरवसा आता ठेवता येत नाही.

हायबरनेशनची फाइल साधारण रॅमच्या ४० टक्के असते. १६ जीबी रॅम असेल तर सहा-साडेसहा जीबी. लॅपटॉपवर ती राहू द्या, बॅटरी संपताना तुमचं उघडं काम तीच वाचवते. टेबलावरच्या डेस्कटॉपला तिची फारशी गरज नसते. ‘कमांड प्रॉम्प्ट’ अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘पॉवरसीएफजी’, जागा सोडून ‘स्लॅश एच’, जागा सोडून ‘ऑफ’ असं इंग्रजीत टाइप केलं की ती फाइल जाते. त्याबरोबर ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद होतं, म्हणजे सकाळी सुरू व्हायला थोडा जास्त वेळ. ‘पेजफाइल’ मात्र काढू नका. रॅम कमी पडली की विंडोज तिच्यावरच भागवतं.

सिस्टिम रिस्टोअर पूर्ण बंद करण्याचा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही. वाईट अपडेट आलं तर मागं जायचा तो एक रस्ता आहे. ‘सिस्टिम प्रोटेक्शन’मध्ये ‘कॉन्फिगर’ दाबून त्याची कमाल मर्यादा खाली ओढा, जागा मोकळी होते आणि रस्ताही राहतो.

नवी डिस्क टाकली, जागा मात्र जुनीच

हा प्रकार थोडा सविस्तर सांगतो, कारण यात माणूस पैसे भरून फसल्यासारखा होतो. १२८ जीबीची जुनी एसएसडी काढून ५१२ ची टाकली. दुकानात जुनीची नक्कल नवीवर केली, ज्याला ‘क्लोन’ म्हणतात. घरी आल्यावर सी ड्राइव्ह ११९ च्या आसपासच. कारण नक्कल म्हणजे नक्कल, विभागसुद्धा जुन्याच मापाचा उतरतो. उरलेली साडेतीनशेच्या वर जीबी कुणाच्याच नावावर नसते.

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. काळ्या पट्टीखाली ‘अनअलोकेटेड’ लिहिलेलं दिसलं तर ती तुमची जागा. ती सी ड्राइव्हला लागून उजवीकडे असेल तर सी वर राइट क्लिक, ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’, दोन मिनिटांचं काम. मध्ये ‘रिकव्हरी’चा छोटा विभाग अडवा आला तर मात्र तो पर्याय फिका दिसतो आणि दाबता येत नाही. तेव्हा स्वतः प्रयोग करू नका. जिथं क्लोन केलं तिथं परत जा आणि ‘बाकीची जागा जोडून द्या’ म्हणा. साधा मार्ग हवा असेल तर त्या काळ्या पट्टीचा ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ करा, डी ड्राइव्ह तयार होतो, फोटो आणि स्कॅन तिकडे हलवता येतात. हे करताना फक्त काळ्या पट्टीवरच क्लिक होतंय ना, ते दोनदा बघा. निळ्या पट्टीवर ‘फॉर्मेट’ किंवा ‘डिलीट व्हॉल्यूम’ दाबलं तर आतला डेटा गेला.

स्कॅन आणि फोटो : खरा वजनदार माल

वर सांगितलेल्या कागदांचं गणित बघा. ए-४ आकाराचं पान ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं आणि ‘टिफ’ म्हणून तसंच ठेवलं, तर एका पानाचे साधारण १०० एमबी. १०० पानं म्हणजे १० जीबी. तेच पान ३०० डीपीआयला २६ एमबीच्या आत बसतं, आणि ‘जेपेग’ केलं तर बहुधा दोन-तीन एमबीतच.

म्हणून सगळं ‘जेपेग’ करून टाका असं मी म्हणणार नाही. मोडी किंवा फिकट शाईचा दस्त असेल तर मोठं स्कॅन राहू द्या, कारण वाचणाऱ्याला अक्षर मोठं करून पाहावं लागतं. पण ते सी ड्राइव्हवर कशाला? दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या. एक हैदराबादेत आणि एक गावाकडे ठेवा. कॉम्प्युटरवर रोजच्या वापराला छोटी प्रत पुरते. हलवताना ‘कट’ नको, ‘कॉपी’ करा. दुसरीकडे दहा-वीस फाइल्स उघडून बघा आणि मगच इथून पुसा.

फोटोंचा घोळ वेगळा आहे. फोन भरला की केबल लावून सगळा ‘डीसीआयएम’ उचलून डेस्कटॉपवर टाकायचा, ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर २’, ‘आईचा फोन’, ‘आईचा फोन नवा’. प्रत्येकात मागच्यातले सगळे फोटो पुन्हा. आयफोन असेल तर आयट्यून्सचा पूर्ण बॅकअप ‘मोबाइलसिंक’ नावाच्या फोल्डरात बसलेला असतो आणि तो कुणाच्या लक्षातही नसतो. व्हॉट्सअॅप कॉम्प्युटरवर लावलं असेल तर ‘अॅपडेटा’ या लपलेल्या फोल्डरात सुप्रभातचे फुलांचे फोटोही साठत जातात. विझट्रीत हे सगळे मोठे चौकोन म्हणून समोर येतात.

‘वनड्राइव्ह’वाल्यांनी जपून. त्या फोल्डरातली फाइल इथून पुसली की ती ऑनलाइनही पुसली जाते आणि तुमच्या दुसऱ्या लॅपटॉपवरूनही जाते. जागाच हवी असेल तर फाइलवर राइट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ निवडा, फाइल ऑनलाइन राहते आणि इथली जागा सुटते. फुकटात तिथं ५ जीबीच मिळते, गुगलकडे १५. शंभर पानांचे ‘टिफ’ गुगलकडे मावतील, पण मग मेलला जागा कमी उरेल.

हात लावायचा नाही

टॅलीचं डेटा फोल्डर. आकड्यांच्या नावाची फोल्डर्स दिसतात, ‘१००००’, ‘१०००१’ अशी, आणि घरातल्या पोराला ती कचरा वाटतात. एकेक फोल्डर म्हणजे एकेक कंपनीची पूर्ण वही. रोजचे बॅकअप साठले असतील तर जुने काढा, पण आधी दुकान सांभाळणाऱ्याला विचारून.

फॉन्ट. जुन्या पत्रिका, संस्थेचे अहवाल, लग्नपत्रिका श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये केलेल्या असतील आणि तो फॉन्ट काढून टाकला, तर उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फॉन्ट जागाही फार घेत नाहीत.

‘एका क्लिकमध्ये कॉम्प्युटर साफ’ म्हणणारी सॉफ्टवेअर शक्यतो टाळाच. २०१७ मध्ये ‘सीक्लीनर’सारख्या नावाजलेल्या साधनाच्या एका आवृत्तीतच हॅकरनी घातक कोड घुसवला होता आणि ती २० लाखांहून अधिक कॉम्प्युटरवर पोहोचली होती. विंडोजमध्ये जे फुकट आहे ते पुरेसं आहे.

आणि जागा हवी म्हणून फूटपाथवर किंवा ऑनलाइन तीन-चारशे रुपयांत मिळणारा ‘२ टीबी’चा पेन ड्राइव्ह घेऊ नका. आत खरी जागा ३२ किंवा ६४ जीबी असते आणि बाहेर खोटा आकडा दिसेल अशी सोय केलेली असते. फाइल्स गेल्यासारख्या दिसतात, नावंही दिसतात, उघडायला गेलं की काही नाही. शंका असेल तर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ नावाचं छोटं साधन ड्राइव्ह पूर्ण भरून, वाचून खरं माप सांगतं. हे काम रिकाम्या ड्राइव्हवर करा.

किती मोकळी ठेवायची?

एकूण जागेच्या १५ ते २० टक्के मोकळी असावी असा ढोबळ अंदाज धरा. २५६ च्या डिस्कवर चाळीसेक जीबी. त्याच्या फार खाली गेलं की एसएसडी मंदावते, अपडेट अर्धवट अडकतात. ‘स्टोरेज सेन्स’ चालू केलं तर तात्पुरत्या फाइल्स आपोआप निघत राहतात, फक्त त्यातला ‘डाउनलोड्स’चा पर्याय ‘नेव्हर’वर ठेवा.

इतकं करूनही जागा होत नसेल, तर डिस्क खरंच लहान आहे. मग सीटीसीत किंवा नांदेडच्या दुकानात जा. जाण्याआधी बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्या. पावतीवर ‘डेटा ठेवायचा आहे, फॉर्मेट नाही’ असं लिहून घ्या. नवीन बसवल्यावर दुकानातच ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून काळी पट्टी उरली नाही ना ते बघा. काढलेली जुनी एसएसडी तिथं सोडू नका, परत मागून घ्या. तिच्यात तुमचं सगळं अजून तसंच असतं.